ग्रीन टी कडू का होतो आणि कडू न होऊ देता कसा करायचा

ग्रीन टी कडूच असतो असं ठाम मत असलेली माणसं पुण्यात घरोघरी सापडतील. तळजाईवरून नाहीतर वेताळ टेकडीवरून फिरून यायचं, गॅसवर पाणी खळखळवायचं, त्यात पिशवी टाकून ठेवायची, तोवर पेपर चाळायचा आणि मग नाक मुरडत, औषध घेतल्यासारखा तो कप संपवायचा. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण नीट केलेला ग्रीन टी अजिबात कडू लागत नाही. थोडासा गोडसर, कोवळ्या पानाचा वास असलेला, प्यायल्यावर जीभ स्वच्छ वाटेल असा तो लागतो, आणि त्यासाठी महागडं पॅकेट किंवा जपानी किटली लागत नाही. पाण्याचं तापमान, पत्तीचं प्रमाण आणि वेळ एवढं जमलं की झालं, आणि त्यातही तापमान सगळ्यात महत्त्वाचं.

आपली अडचण अशी आहे की आपला हात दुधाच्या चहाला बसलेला आहे. आधण ठेवायचं, आलं ठेचून टाकायचं, साखर, पावडर, मग दूध, आणि चांगली उकळी येऊन वर चढली की गॅस बारीक करून परत एकदा. अमृततुल्यवाल्याचं पातेलं तर दिवसभर उकळतच असतं. त्या चहाला ते बरोबरच आहे, कारण सीटीसी पावडरीतून, म्हणजे आपल्या नेहमीच्या दाणेदार चहातून, जो तुरटपणा निघतो तो दुधातली प्रथिनं धरून ठेवतात आणि उरलेलं साखर सांभाळते. ग्रीन टीमध्ये दूधही नाही, साखरही नाही, त्यामुळे पानातून जे निघेल ते थेट जिभेवर येतं. म्हणून उकळायची सवय इथे चालत नाही.

पानातून नेमकं काय निघतं

काळा चहा आणि हिरवा चहा एकाच झाडाचे, कॅमेलिया सायनेन्सिस. फरक पान तोडल्यानंतर पडतो. काळ्या चहासाठी पान चुरडून हवेत ठेवतात, त्याचं ऑक्सिडेशन होऊ देतात. हिरव्या चहासाठी पान तोडल्यावर लवकरात लवकर त्याला उष्णता देतात, जपानमध्ये बहुतेक करून वाफेवर आणि चीनमध्ये कढईत परतून, म्हणजे ऑक्सिडेशन तिथेच थांबतं. त्यामुळे पानातली कॅटेचिन्स नावाची द्रव्यं जशीच्या तशी राहतात. ग्रीन टीचे जे फायदे सांगितले जातात ते बरेचसे या कॅटेचिन्सच्या नावावर असतात, आणि कडूपणा-तुरटपणाही त्यांच्यामुळेच येतो. कडूपणात थोडा वाटा कॅफीनचाही असतो.

दुसरीकडे पानात थिॲनिन नावाचं एक अमिनो ॲसिड असतं, ग्रीन टीतली ती गोडसर, भरलेली चव त्याची. हे थिॲनिन कोमट ते मध्यम गरम पाण्यातही आरामात उतरतं, कॅटेचिन्स आणि कॅफीन मात्र पाणी जितकं गरम तितके भराभर उतरतात. सगळी गोम इथेच आहे. पाणी ७५-८० अंशांवर असेल तर गोडवा पूर्ण येतो आणि कडूपणा मागे राहतो, खळखळतं पाणी ओतलं तर दोन्ही एकदम येतात आणि कडूपणा बाकी सगळं झाकून टाकतो.

अजून एक, कडू आणि तुरट यात फरक करायला शिका. कडू जिभेला कळतं, तुरट म्हणजे जांभूळ खाल्ल्यावर तोंड कोरडं होऊन आवळल्यासारखं वाटतं तसं. थोडा तुरटपणा चांगल्या ग्रीन टीतही असतो, तो दोष नाही. पण घोट घेतल्यावर चेहराच वाकडा होत असेल तर करण्यात काहीतरी चुकतंय.

पाणी किती गरम, आणि थर्मामीटर नसताना ते कसं कळणार

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी १०० ला नाही तर ९८ अंशांच्या आसपास उकळतं. यावरून एक सोपा हिशोब मांडता येतो, आणि मला तरी रोजच्या घाईत हाच सगळ्यात भरवशाचा वाटतो. तीन वाट्या उकळतं पाणी घ्या, त्यात एक वाटी साधं, माठातलं किंवा फिल्टरचं पाणी मिसळा, झालं ८० च्या आसपास. दोन वाट्या उकळत्याला एक वाटी साधं घेतलं तर ७४ च्या जवळ येतं. चार वाट्यांना एक म्हणजे ८३. साधं पाणी २५ अंशांचं धरून हे आकडे आहेत, डिसेंबर-जानेवारीत नळाचं पाणी गार असतं तेव्हा एक-दोन अंश कमी भरेल, त्याने काही बिघडत नाही. वाटी तीच वापरायची एवढंच, आणि साधं पाणी पिण्यायोग्य हवं कारण ते उकळलं जाणार नाहीये.

दुसरी पद्धत म्हणजे भांडी बदलायची. उकळलेलं पाणी गार असलेल्या जाड मगमध्ये ओतलं की पाच ते दहा अंश उतरतं, तिथून दुसऱ्या भांड्यात ओतलं की अजून तेवढंच. दोनदा ओतलं की ८० च्या आसपास येतो आपण. यात मगही गरम होतो, तो फायदा वेगळा. गॅस बंद करून झाकण काढून पाच-सात मिनिटं थांबायचं हेही चालतं पण भांडं किती मोठं, पाणी किती, पंखा चालू आहे का, यावर खूप अवलंबून असतं, त्यामुळे रोज तीच चव येत नाही.

तिसरी म्हणजे नजर. पाणी तापताना आधी तळाला बारीक बारीक बुडबुडे चिकटतात, मग ते सुटून वर यायला लागतात आणि पाण्यावर वाफ रेंगाळायला लागते, साधारण इथे गॅस बंद करायचा. माळेसारखे बुडबुडे सलग वर यायला लागले म्हणजे ९० च्या पुढे गेलो. अर्थात पिण्याचं पाणी भरवशाचं नसेल, आणि पावसाळ्यात तर विशेष, आधी नीट उकळून घ्या आणि मग गार होऊ द्या, कडूपणा टाळण्यासाठी पोट बिघडवण्यात अर्थ नाही.

सगळ्या पत्त्यांना एकच तापमान लागत नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या कांगडा, दार्जिलिंग, निलगिरीच्या हिरव्या चहाला ७५ ते ८० छान. चायनीज गनपावडर, म्हणजे गोळ्यांसारखी वळलेली पत्ती, ८० ला चांगली उलगडते. जपानी सेंचा ७० ते ७५ ला ठेवा. ग्योकुरो हा जपानी चहा कोणी भेट दिला असेल तर त्याला फक्त ५०-६०. त्या झाडांवर तोडणीच्या आधी साधारण तीन आठवडे सावली धरतात, म्हणून पानात थिॲनिन जास्त टिकून राहतं, आणि त्यावर गरम पाणी ओतणं म्हणजे सगळी मेहनत वाया घालवणं. आसामच्या जातीच्या झाडांच्या पानात कॅटेचिन्स मुळातच जास्त असतात, त्यामुळे आसामचा ग्रीन टी असेल तर ७५ च्या वर जाऊच नका आणि वेळही कमी ठेवा.

पाणी कुठलं

याकडे कोणी लक्षच देत नाही. खडकवासल्याचं महापालिकेचं पाणी चहाला चांगलं आहे, बऱ्यापैकी मऊ, साध्या फिल्टरमधून काढलं की काम झालं. पण बोअरवेलवर किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांमध्ये पाणी अनेकदा जड असतं, आणि जड पाण्यात ग्रीन टी केला की रंग तपकिरीकडे झुकतो, वर पातळ साय धरल्यासारखा तवंग येतो आणि चव मेल्यासारखी लागते. तुमच्या किटलीच्या तळाला पांढरा थर साचत असेल तर समजा पाणी जड आहे. अशा वेळी आरओचं पाणी वापरा. फक्त आरओ इतका कडक लावलेला असेल की पाण्यात क्षारच उरत नाहीत तर चहा पोकळ लागतो, मग थोडं नळाचं फिल्टर केलेलं पाणी त्यात मिसळून बघा.

पत्ती किती

२०० मिलि पाण्याला २ ग्रॅम, हे प्रमाण धरून सुरुवात करा. चमच्याने मोजायचं झालं तर जरा जपून, कारण मोकळ्या, पसरट पानांचा चहाचा चमचा भरून एक-दीड ग्रॅमच होतो, आणि गनपावडरचा तोच चमचा अडीच-तीन ग्रॅम भरतो. घरात केकसाठी आणलेला वजनकाटा असेल तर एकदाच तुमच्या पत्तीचा चमचा वजन करून ठेवा, परत मोजायची गरज नाही. आणि कपही मोजा. घरातला नेहमीचा चहाचा कप १२०-१५० मिलिचा असतो, ऑफिसचा मग २५०-३०० चा. टी बॅगमध्ये साधारण दीड-दोन ग्रॅम माल असतो, तो छोट्या कपात बुडवला की दुप्पट कडक चहा होणारच, त्यात पिशवीचा काय दोष.

आता करायचं कसं

मग किंवा किटली आधी गरम पाण्याने विसळून घ्या, नाहीतर ८० चं पाणी ओतल्या ओतल्या ७० वर येतं. ते पाणी टाकून द्या. पत्ती घाला. गरम भांड्यात कोरडी पत्ती पडली की तिचा वास येतो तो जरूर घ्या, ताजी पत्ती आहे की नाही हे तिथेच कळतं. मग मापाने तयार केलेलं पाणी कडेने हळू ओता, वरून जोरात धार सोडायची नाही, ढवळायचं नाही. वर बशी झाका. मोबाईलवर टायमर लावा, अंदाजाने नको, कारण सकाळच्या गडबडीत डबा भरता भरता दोन मिनिटांची सहा कधी होतात कळत नाही.

एक मिनिटाने चमचाभर चाखा. मग दीड मिनिटाने, मग दोन. बहुतेक पत्त्यांना दीड ते दोन मिनिटं पुरतात, मोठ्या अख्ख्या पानाला अडीच-तीन लागू शकतात. जिथे गोडवा आला आहे आणि तुरटपणा नुकता जाणवायला लागलाय तिथे थांबायचं, तो आकडा लिहून डब्यावर चिकटवा. हे एकदाच करायचं असतं, पण केल्याशिवाय तुमच्या पत्तीची वेळ कुठलंही पॅकेट सांगू शकत नाही.

वेळ झाली की सगळाच्या सगळा चहा गाळून घ्या, शेवटच्या थेंबापर्यंत. पत्ती पाण्यात राहू दिली आणि वरून पीत बसलात तर पहिले चार घोट चांगले आणि उरलेला कप कडू, हे ठरलेलं. गाळणी बारीक जाळीची हवी, तुळशीबागेत कपावर बसणाऱ्या खोलगट स्टीलच्या गाळण्या मिळतात त्या यासाठी फार सोयीच्या, पत्तीला फुलायला जागा मिळते आणि वेळ झाली की उचलून बाजूला ठेवता येते. ते चमच्यासारखे मिटणारे गोल इन्फ्युजर मला आवडत नाहीत, आत पत्ती कोंबली जाते, मधली पानं कोरडीच राहतात आणि कडेची जास्त भिजतात.

रंगावरून ठरवू नका. आपल्याला चहा म्हटलं की गडद रंग हवा असतो आणि फिकट पिवळसर दिसला की उतरला नाही असं वाटून लोक अजून ठेवतात. चांगला ग्रीन टी फिकट पिवळा ते हलका पोपटी असतो. तपकिरी झाला म्हणजे एकतर पाणी जास्त गरम होतं, किंवा पत्ती जुनी आहे, किंवा पाणी जड आहे.

गाळलेली पत्ती फेकू नका. चांगल्या पानांतून दुसरा कप हमखास निघतो, कधी कधी तिसराही. पानं आता उलगडलेली असतात त्यामुळे दुसऱ्या वेळी पाणी थोडं गरम, ८०-८५ पर्यंत चालेल, वेळ दोन मिनिटं. सेंचाला मात्र दुसऱ्या वेळी अर्धा मिनिटही पुष्कळ होतं. पहिला आणि दुसरा कप यांत तास-दोन तासांपेक्षा जास्त अंतर ठेवू नका, ओली पत्ती दिवसभर ओट्यावर ठेवून संध्याकाळी वापरायची नाही.

टी बॅगवाल्यांसाठी

ऑफिसमध्ये पिशवीच असते, हरकत नाही. पिशवीत बारीक चुरा असतो, त्यामुळे तो झटकन उतरतो आणि कडूही झटकन होतो. म्हणून मगमध्ये आधी पाव भाग साधं पाणी घ्या, वर डिस्पेन्सरचं गरम पाणी, मग पिशवी. आधी पिशवी ठेवून त्यावर गरम पाण्याची धार नको. एक मिनिट, फार तर दीड, आणि पिशवी बाहेर. वर-खाली बुचकळत बसू नका आणि काढताना चमच्यावर गुंडाळून पिळू नका, शेवटी जो दाट अर्क निघतो तोच सगळ्यात तुरट असतो.

आलं, तुळस, गवती चहा घालायचा असेल तर

हे सगळं ग्रीन टीसोबत उकळू नका. आलं, गवती चहा, दालचिनी यांना उकळी लागते, ग्रीन टीला उकळी चालत नाही, दोघांना एका भांड्यात एकाच वेळी घातलं की एकाचा तरी बळी जातो. आधी नुसत्या पाण्यात आलं-गवती चहा पाच मिनिटं उकळा, गाळा, वर सांगितलं तसं साधं पाणी मिसळून ८० वर आणा आणि मग त्यात पत्ती दोन मिनिटं. तुळस आणि पुदिना कोवळे असतात, ते पत्तीबरोबरच टाकले तरी चालतात. लिंबू गाळल्यानंतर पिळा, रंग एकदम फिका होईल, घाबरू नका, आंबटपणामुळे तसं होतं. मध घालायचा तर घाला, पण आधी एकदा काहीच न घालता नीट केलेला कप पिऊन बघा अशी माझी विनंती आहे, पुष्कळ जणांना मग मधाची गरजच वाटत नाही.

उन्हाळ्यात फ्रीजमधला

एप्रिल-मेमध्ये दुपारी गरम काही नको वाटतं तेव्हा हा प्रकार कराच. एक लिटर पिण्याच्या पाण्यात ८ ते १० ग्रॅम पत्ती टाकून काचेची बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा, रात्री ठेवली की सकाळी तयार, सहा ते आठ तास पुरतात. गाळून घ्या आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवा. गार पाण्यात कडूपणा फारच कमी उतरतो, कॅफीनही कमी, त्यामुळे ज्यांना ग्रीन टी कधीच आवडला नाही त्यांना मी आधी हाच द्यायला सांगते.

पत्ती घेताना आणि ठेवताना

सुटी पत्ती घ्या आणि एका वेळी ५० किंवा १०० ग्रॅमच घ्या. पेठांमधल्या सुट्या चहाच्या दुकानात गेलात तर वास घेऊन बघता येतो. वास ताज्या पाल्यासारखा, भाजल्यासारखा किंवा फुलासारखा हवा, जुन्या गवताच्या पेंढीसारखा येत असेल तर नको. पॅकेट असेल तर पॅकिंगची तारीख बघा. हिमाचलचा कांगडा चहा मला रोजच्यासाठी फार आवडतो, तिथली झाडं चिनी जातीची आहेत, चव मृदू येते, आणि त्याला २००५ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालंय. दार्जिलिंगला ते त्याच्या आदल्या वर्षी मिळालं, पण दार्जिलिंगचा ग्रीन टी खिशाला जड जातो.

डबा हवाबंद, अपारदर्शक, आणि गॅसपासून लांब. मसाल्याच्या डब्याशेजारी तर अजिबात नको, ग्रीन टी वास पटकन ओढून घेतो, हिंगाचा ग्रीन टी कोणाला हवाय! जुलै-ऑगस्टमधली दमट हवा पत्तीची मोठी शत्रू, ओला चमचा एकदा जरी गेला तरी डबा वाया. फ्रीजमध्ये फक्त न फोडलेलं पॅकेट ठेवा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय फोडू नका, नाहीतर आत पाणी सुटतं. फोडलेली पत्ती दोन-तीन महिन्यांत संपवा.

कधी प्यायचा

रिकाम्या पोटी बऱ्याच जणांना मळमळतं, तेव्हा काहीतरी खाऊन घ्या. पण जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्याही नको, कारण पालेभाज्या-कडधान्यांतलं लोह शरीरात शोषलं जाण्यात तो अडथळा आणतो, साधारण तासाभराचं अंतर ठेवा. हिमोग्लोबिन कमी असलेल्यांनी, लोहाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी हे अगदी कटाक्षाने पाळा. थायरॉइडची गोळी सकाळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते, त्यानंतर निदान अर्धा-एक तास थांबून मग ग्रीन टी. गरोदर असाल किंवा रक्त पातळ करण्याची औषधं चालू असतील तर किती प्यायचा हे डॉक्टरांना विचारा. आणि संध्याकाळी उशिरा नको, कॅफीन यातही असतं, झोप उडते.

एवढं करूनही कडू झाला तर

आधी पाणी वाढवा, अर्धा कप गरम पाणी घातलं की बराच सुधारतो. तरीही कडू वाटला तर मिठाचे अगदी दोन-चार कण, खारट लागणार नाही इतकेच, त्याने कडूपणा दबतो. नाहीतर बर्फ आणि लिंबू घालून गारच पिऊन टाका. पुढच्या वेळी एका वेळी एकच गोष्ट बदला, आधी पाणी पाच अंश गार करून बघा, मग वेळ अर्धा मिनिट कमी, मग पत्ती थोडी कमी, तिन्ही एकदम बदलल्या तर नेमकं कशामुळे जमलं ते कळणार नाही. आणि ७० अंशांवर, एका मिनिटात, मोजून घेतलेल्या पत्तीचा कपसुद्धा कडूच लागत असेल तर भिजलेली पत्ती बशीत पसरून बघा, पानं उलगडलेली दिसली पाहिजेत. नुसता काळपट चुरा दिसत असेल तर तो डबा संपवायच्या मागे लागू नका, दुसरी पत्ती आणा.